जावई हाफ पँटीत

सासुरवाडीला जाताना हाफ पँट घालावी की घालू नये, एवढाच काय तो प्रश्न होता. सयाजीनं घालायची ठरवली, आणि पुढचा सगळा घोळ त्या खाकी पँटीतून निघाला.

सयाजी सांगलीत हळदीच्या पेढीवर पोती तोलायचा. सातवीत शाळा सुटली, ती सहल आणि कवायत न बघताच. आता चोविसाव्या वर्षी स्काउटचे चिंतामण सर त्याला भेटले. साताऱ्याचा माणूस, तळमळीचा. खेड्यातली पोरं स्काउटकडे फिरकत नाहीत म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सागरेश्वराच्या डोंगरात पाच दिवसांचं साहस शिबिर भरवायचं त्यांनी काढलं होतं. सयाजीला तीन दिवस शिकवून, गणवेश देऊन ते म्हणाले, "रविवारपर्यंत आठ पोरं आण. आणलीस तर पथकनायक तू. नाही तर मी दुसरा बघतो."

पथकनायकाला पोरं 'सर' म्हणतात, हे ऐकल्यापासून सयाजीला अन्न गोड लागेना. (आजवर त्याला अहोजाहो करणारी फक्त बायको आणि सासुरवाडी. तेही नात्यापुरतं.)

सांगलीतली पोरं त्याला पुरती ओळखून होती, त्यामुळे तिथं एकही मिळालं नाही. राहिली सासुरवाडी, विट्याच्या पुढचं गाव. त्या गावाची एक रीत होती. पोरगं बारा-तेराचं झालं की दिवाळीनंतर कुणीतरी दुकानदार यायचा, पोरांची नावं लिहून घ्यायचा आणि त्यांना सोनं गाळायच्या कामाला लांब मुलखात घेऊन जायचा. कुणाला कलकत्त्याला, कुणाला मदुराईला. सयाजीला हे ठाऊक होतं. फक्त वेळेवर आठवलं नाही.

पाडव्याचा मानपान घेऊन जावई चारच दिवसांपूर्वी गेलेला, आणि आज परत दारात उभा. एकटा, न बोलावता. सासूबाई बनुबाईंनी त्याच्या गुडघ्यांकडं बघून पदर तोंडाला लावला.

"आमची विजू बरी हाय न्हवं?"

"बरी हाय, मामी."

"भांडलासा काय?"

"न्हाई."

"मग पँट कुनी कापली?"

तेवढ्यात सासरे आकाराम बाहेर आले. तीस वर्षं मदुराईला भट्टीपुढं काढून परतलेला माणूस. पाण्याचा तांब्या दिला तरी आधी कसाला लावून बघेल, असा संशयी. सयाजीनं स्काउटच्या रिवाजाप्रमाणं हस्तांदोलनाला डावा हात पुढं केला.

आकारामांनी हाताकडं बघितलं. मग जावयाकडं. "उजव्याला काय झालं?"

"काय न्हाई, मामा. आमच्यात डाव्यानं करत्यात."

"आमच्यात डाव्यानं काय करत्यात ते ठाव हाय न्हवं?"

सयाजीनं हात मागं घेतला आणि घाईघाईनं वही काढली. "मामा, आठ पोरं पायजेत. बारा-चौदाची."

आकारामांचे डोळे बारीक झाले. "आसं म्हना की! कुठं न्यायची?"

"डोंगरात."

"डोंगरात? पगार काय?"

"पगार न्हाई. शिधा बी पोरांनी घरनंच आनायचा."

"आनी सामान?"

"दोरी, चाकू, शिट्टी."

"शिट्टी कशाला?"

"धोका दिसला की वाजवायची. वाटंत दगडांच्या खुना बी करायच्या. आपल्याच मानसांना कळतील आशा."

"भट्टी... म्हंजे आग-बिग?"

"तर! शेवटच्या दिवशी लय मोठी पेटवायची. समदी भोवतीनं बसायची."

आकारामांनी उठून दाराला कडी घातली. ते कानाशी येऊन पुटपुटले, "सरकारचा सोन्याचा कायदा लय कडक हाय. म्हनून डोंगरात व्हय?"

"कसला कायदा, मामा?"

"शाबास! कुनी इचारलं तर आसंच म्हनायचं." आणि त्यांनी पहिल्यांदाच जावयाच्या पाठीवर थाप मारली. "मी तुमाला खुळा समजत हुतो."

(सयाजीला वाटलं, ही शाबासकी स्काउटला. तोही खूश.)

"ह्यातलं बायकांत बोलू नगासा," असं आकारामांनी बजावलं आणि जाऊन स्वतःच बनुबाईंना सांगितलं. जेवणं उरकायच्या आत गावभर झालं. जो तो सयाजीला बघून गालातल्या गालात हसत होता. एक म्हातारी तर पदराच्या गाठीत मोडकी नथ बांधून आली आणि म्हणाली, "जमलं तर बघा, लेकरा." सयाजीनं ती आदरानं बघितली आणि परत दिली. म्हातारी तोंडात पुटपुटली, "लय पोचलेला हाय."

रविवारी सकाळी अकरा पोरं शिधा घेऊन हजर! हाफ पँटीची छाप कशी पडते बघा, असं सयाजी मनात म्हणत होता. बाराव्या जागी आकाराम स्वतः उभे होते, हातात फुंकणी आणि धडप्यात गुंडाळलेली सोनं वितळवायची मूस. (सयाजीला वाटलं, चहाचं भांडं.)

डोंगराच्या पायथ्याला चिंतामण सर वाट बघत होते. अकरा पोरं बघून त्यांना भरून आलं. तेवढ्यात आकाराम पुढं झाले आणि हळूच विचारते झाले, "मालक, माल कुठाय?"

"कसला माल?"

"आता आमच्यापाशी कशाला लपवता? सोनं!"

मग सगळा उलगडा झाला. पोरं आकारामांकडं बघू लागली, आकाराम जावयाकडं, आणि सयाजी स्वतःच्या गुडघ्यांकडं. मागं फिरा, एवढं आकाराम म्हणाले असते की पथक संपलं, आणि 'सर'ही संपला.

"म्हंजे," आकाराम सावकाश बोलले, "पोरं निस्ती हुंदडाय न्यायची?"

"व्हय, मामा."

"आन् पाचव्या दिशी परत आनायची? घरला?"

"व्हय. समदी मोजून."

आकाराम डोंगराकडं बघत राहिले. "मला बारा वर्साचा नेला त्यो सात वर्सं कुनी परत आनला न्हाई," ते म्हणाले. मग धोतराचा काचा मारला. "चला रं पोरांनो! बघताय काय?"

पथक वाचलं. पण लाकडं दवानं ओली निघाली. सयाजीनं पुस्तकात बघून बघून काड्यांची अख्खी पेटी संपवली; आकारामांनी फुंकणीनं दोन फुंकरा घातल्या आणि जाळ झाला. सयाजीनं बांधलेला तंबू सयाजीवरच बसला, तो आकारामांनी दोन गाठींत उभा केला. चौदा जणांचा भात न करपता केला, भांडणं मिटवली, मदुराईच्या गोष्टी सांगून पोरांना मुठीत घेतलं. पाचव्या दिवशी अकराच्या अकरा पोरं मोजून घरी पोचवली, आणि चिंतामण सरांनी वहीत काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं.

सयाजी सांगलीला परतला. विजयमालानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"झालासा का पथकनायक?"

"पथकनायक मामा झाले."

"आमचं बाबा? आन् मग तुमी?"

"मी साहाय्यक. त्यांच्या हाताखाली."

विजयमालानं क्षणभर विचार केला. मग समाधानानं मान हलवून ती म्हणाली, "बरं झालं. हितं लेकीच्या हाताखाली, तितं बापाच्या. घरान्याभाईर न्हाई गेलासा."