फीची वसुली

कॉलेजच्या फीची पावती नारूकाका माझ्याकडून पाडव्याच्या पंचांगासारखी वाचून घेत. बाकीची पोरं पावती चुरगाळून खिशात कोंबायची. मला ती कर्जतला काकांच्या भाताच्या गिरणीत जाऊन, पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून वाचावी लागे. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, एकटा जीव. माझी फी तेच भरत. अट एकच: "भरलं ते वसूल झालं पायजे. नाय तर फुडली टर्म बंद."

कॉलेज कल्याणला. ट्यूशन फी वर्गात बसून वसूल होते, हे त्यांना पटलं. ग्रंथालयासाठी मी जाडजूड पुस्तकं आणून दाखवी. काका ती हातावर तोलत. "हां, वजन हाय." पण 'मेडिकल फी' ऐकली आणि ते उखडले.

"डाक्टरला दाखवलंस?"

"काका, मला काही झालेलं नाही."

"मग भरली कशाला रं? जा, दाखवून ये."

ठणठणीत मी कॉलेजच्या डॉक्टरांपुढे जीभ काढून उभा राहिलो. त्यांनी एरंडेल दिलं. ते मात्र रात्रभर वसूल होत राहिलं.

जिमखाना फीपायी लांब उडीत नाव दिलं. धावलो झकास, पण उडी वाळूपर्यंत पोचलीच नाही. सोलवटलेले गुडघे घेऊन गिरणीत गेलो. काकांनी ते निरखून पाहिले. "झाला जिमखाना," म्हणाले.

शेवटच्या टर्मची फी मागायला गेलो तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली होती. गॅदरिंग फी वसूलच झाली नव्हती. नाटकात मला शिपायाचं काम होतं, वाक्य एकच. पडदा उघडला आणि मी विंगेतून थेट रस्त्यावर! आता त्या शिपायापायी बी.ए. अडणार होतं. काकांना खरं ते सांगून टाकलं.

काकांनी पट्टा उतरवला. गिरणी थांबली. डब्यातून पैसे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

"पण काका, वसूल..."

"ही शेवटचीच काय रं?"

"हो. मग काही भरायचं नाही."

त्यांनी दोघांचा चहा ठेवला. स्टोव्ह भडकला तरी पंप मारतच राहिले.

"बी.ए.च्या फुडं काय असतं?"

"एम.ए."

"त्याची पावती लांब असती?"

मला काय ठाऊक! "लांब असते," मी म्हणालो.

"मग घाल की नाव."