पाच भरलेले पेले

"दुनिया पेपर वाचती, आमची सून भिंती वाचती," इरम्मा तांदूळ निवडता निवडता पुटपुटली. पुटपुटणं चुलीपर्यंत ऐकू जाईल एवढं.

शिवकांताला ऐकू आलंच. पण पेपरात गावची बातमी येते कधी? ती लागते ग्रामपंचायतीच्या दारामागं, पाव कागदावर. काल तिनं दार ओढून वाचली: टाकीच्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य. तारीख आठ दिवसांपूर्वीची. गावात कुणाला पत्ता नाही. आणि आज अणदूरचे पाहुणे तिच्या लेकीला, राजेश्वरीला, बघायला यायचे होते.

"आज एक शबूद काढू नगंस," नवरा महारुद्र म्हणाला. "उंबऱ्यातनं माघारी जातील लोकं."

"न्हाय काढत. पर उकळल्याबिगर थेंब बी द्यायची न्हाय."

पहाटेच उठून तिनं दोन पातेली पाणी चुलीवर उकळलं होतं, घागरीत निवत ठेवलं होतं.

पाहुणे बसले. राजेश्वरीनं पाच पेले ठेवले. मुलाच्या आईनं, उमादेवींनी, पेला तोंडाशी नेला. धुराचा वास. पेला खाली. मुलगा अमरनाथ पिणारच होता. आईनं नुसतं बघितलं, त्यानंही ठेवला. मग बाकीच्यांनीही.

इरम्माचा हात कपाळावर गेला. घरचं पाणी घेतलं नाही म्हणजे सोयरीक घेतली नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

महारुद्रनं पेला त्यांच्यापुढं सरकवला. "घ्या की! आमच्या पाण्याला लई गोडी. डाळ दोन शिट्ट्यांत शिजती."

"व्हय का," म्हणत उमादेवींनी पेला दोन बोटं लांब सरकवला.

"सोलापूरचे पाव्हणे कॅन भरून नेत्यात!"

पेला आणखी दोन बोटं.

शिवकांता दारात पदर पिळत उभी. उकळलंय म्हणावं, तर का उकळलं ते सांगावं लागेल. चहा गेला, पाहुण्यांनी बशीत थेंब ठेवला नाही. दुसरा गेला, तोही संपला. शेवटी इरम्मानं पोह्यांत मूठभर मिरची ढकलली. अमरनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं, पेल्यातलं काही हललं नाही.

महारुद्र डाळीवरून आंघोळीवर आला. "ह्या पाण्यानं केस बी..."

उमादेवी उठल्या. झालं, निघाल्या, असं शिवकांताला वाटलं. पण त्या चपलांकडं न जाता थेट तिच्यापाशी आल्या, तिचा हात धरला.

"पोरगी आमाला पसंत हाय, ताई. पर तालुक्याला यादी लागलीया. तुमच्या गावचं पाणी खराब हाय, हे तुमाला कुणीच सांगितलं न्हाय का वो?"