नको म्हटलं तरी

तिसऱ्या मीटिंगलाही एकही नर्स आली नाही. हॉस्पिटलने दिलेल्या खोलीत निनाद प्रोजेक्टर लावून बसला, शेवटी त्याने स्वतःच स्वतःला डेमो दिला आणि लॅपटॉप बंद केला.

निनाद सांगलीहून मेलबर्नला शिकायला आला आणि शिकून झाल्यावर एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटला. औषधांच्या ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवायचा, कोणत्या पेशंटने काय घेतलं ते नर्सने त्यातच नोंदवायचं, असा त्याचा प्रोग्रॅम. तो त्याने वर्षभर खपून तयार केला होता. पण अडचण अशी की नर्सना विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आता बॉस ग्रेगने बजावलं होतं, की शुक्रवारपर्यंत वॉर्डाने वापरून होकार दिला नाही तर हॉस्पिटल प्रोजेक्ट गुंडाळणार. प्रोजेक्ट गेला की नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसाची आशा गेली, मग बॅगा भरायच्या.

"तू त्यांना बोलावलंस कसं?" त्याच्याच भाड्याच्या घरात राहणाऱ्या रुचाने विचारलं.

"कॅलेंडर इन्व्हाइट पाठवला."

"मंगळागौरीला बायका कॅलेंडर इन्व्हाइटवर येतात का रे? समोर जाऊन बोलव. आणि खायला काय आहे ते आधी सांग."

रुचा मुळात आर्किटेक्ट. पण त्या वर्षांत पीआरच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या आशेने जो तो कुकरी शिकत होता, म्हणून तीही शिकत होती. निनादने हिय्या केला. गुरुवारी दुपारी शिफ्ट बदलताना तो थेट वॉर्डात गेला आणि मुख्य नर्स मॉरीनला म्हणाला, उद्या याच वेळी तुमच्या टी-रूममध्ये या, घरचे बटाटेवडे आणतो. मॉरीनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आम्ही सगळ्या येतो म्हणाली. त्या रात्री क्रेगीबर्नच्या त्या भाड्याच्या घरातले झाडून सगळे विद्यार्थी बटाटे सोलायला बसले.

शुक्रवारी टी-रूम भरली. निनादला भरून आलं. समोर पाहुणे बसलेत म्हटल्यावर त्याच्यातला सांगलीकर जागा झाला आणि सॉफ्टवेअरवाला मागे पडला. तो डबा घेऊन पंगतीत फिरावं तसा फिरू लागला. कोणी नको म्हटलं की हा हसून वाढायचा. कोणी प्लेटवर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून वाढायचा. ग्रेग दारात उभा राहून लॅपटॉपकडे बोट दाखवत होता, पण चटणीने माखलेल्या हातांनी लॅपटॉपला हात लावणार कोण? हात धुवून होतात तोवर वॉर्डातली घंटा वाजली आणि सगळ्या नर्स पळाल्या. मॉरीन तेवढी राहिली, कारण तिच्या प्लेटमधले वडे संपतच नव्हते.

तिने हात पुसले आणि म्हणाली, दाखव तुझं ते.

पेशंटने गोळी नाकारली असं गृहीत धरून तिने 'नकार' दाबलं. स्क्रीनने विचारलं, नक्की का? तिने हो दाबलं. स्क्रीन म्हणाली, पेशंटला पुन्हा एकदा देऊन बघा. तिने पुन्हा नकार दाबला. स्क्रीनने पुन्हा विचारलं, अगदी नक्की ना? मॉरीनने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा प्लेटकडे.

"मेट, हे दोन्ही तूच केलंस ना?"

निनाद ओशाळला. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच, तो शिष्टाचार असतो, असं तो सांगू लागला. मॉरीनने शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल. पण माझा पेशंट नाही म्हणाला की मला ते लगेच लिहायचंय, आणि का म्हणाला ते त्याला विचारायचंय. तुझी स्क्रीन मला तिथेच अडकवून ठेवते."

निनादने वाद घातला नाही. खुर्ची ओढली, लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि तिच्यासमोरच ते प्रश्न उडवले. त्यांच्या जागी एकच रकाना ठेवला, नकाराचं कारण. घंटा थांबल्यावर नर्स एकेक करून परतल्या. कोणी म्हणाली अक्षरं बारीक आहेत, कोणी म्हणाली पेशंटचं नाव वर हवं. वर्षभरात न मिळालेल्या तक्रारी एका दुपारी मिळाल्या आणि निनाद सुखावला. दुपार संपता संपता मॉरीनने ग्रेगला सांगितलं, वॉर्डाचा होकार आहे, पण हा मुलगा दर आठवड्याला इथे आला पाहिजे.

ग्रेग खूश झाला. लिफ्टपाशी त्याने निनादच्या पाठीवर थाप मारली.

"तुझी नोकरी पक्की करतो, व्हिसा स्पॉन्सर करतो. सोमवारी पेपर्स करू?"

निनादला हेच तर हवं होतं. पण घरचं वळण. आईने शिकवलेलं तोंडातून आपसूक निघालं, "छे छे, सर, एवढी काय घाई आहे? तुम्हाला उगाच त्रास."

"ओके. नो वरीज," ग्रेग म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला.

निनाद दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उभा राहिला. ग्रेगने त्याच्याकडे पाहून प्रेमाने हात हलवला. दार मिटू लागलं तसा निनादचा चेहरा पडला.

तेवढ्यात मागून मॉरीनने हात घालून दार अडवलं.

"ग्रेग, त्याला पुन्हा विचार."

"पण तो नाही म्हणाला."

"पुन्हा विचार."

ग्रेगने गोंधळून पुन्हा विचारलं. निनादच्या जिभेवर दुसरा नकार तयारच होता. तो त्याने कसाबसा गिळला आणि हो म्हणाला.