इझिडोरची शांतता

लेऑन्स डुव्हर्ने दर सोमवारी वाचनालयात लोकांना जॅझ समजावून सांगत असे. शाळेत बँड शिकवून तो निवृत्त झाला होता, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नव्हती. त्या सोमवारी मात्र दोनच वाक्यं बोलायची, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. त्याचा मित्र इझिडोर आजारपणानंतर दोन वर्षांनी क्लॅरिनेट वाजवणार होता. इझिडोरची बायको अर्नेस्टाइन गुडघ्यांमुळे घरीच होती, म्हणून तिच्यासाठी लेऑन्सने फोनवर रेकॉर्डिंगही सुरू केलं.

इझिडोरने सूर लावला आणि पुढच्या रांगेतल्या बाहेरगावच्या पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तोही पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. न्यू ऑर्लिन्समध्ये हे कोण खपवून घेईल? जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, असं लेऑन्सने हळूच सांगितलं. तेवढ्यात इझिडोर थांबला. लोक गोंधळले, तेव्हा ही शांतता समजावून सांगणं आलंच.

"मोठा वादक काय वाजवत नाही, तेही ऐकायचं असतं."

लेऑन्स पाणी प्यायला, तेवढ्यात इझिडोरने चार सूर वाजवले आणि तो पुन्हा थांबला. शांतता लांबली तसं विवेचन लांबलं, आणि विवेचन लांबलं तशी शांतता. लोक वह्यांत लिहून घेत होते. असा तास संपला.

तीन आठवड्यांनी इझिडोर गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळी वस्ती बँडमागून नाचत त्याला पोचवून आली. नंतरच्या सोमवारी अर्नेस्टाइनने रेकॉर्डिंग मागितलं. लेऑन्स गेला तेव्हा तिथे घरोघरी सोमवारी शिजतो तसा राजमा शिजत होता. मित्राचं शेवटचं वाजवणं आणि त्यावर आपलीच टकळी, या विचाराने त्याला मान वर करवेना.

"मिस अर्नेस्टाइन, यात तो कमी आहे आणि मीच जास्त. चुकलंच माझं."

"लाव, बाळा."

ती डाव हातात धरून ऐकत राहिली. पहिली शांतता आली आणि तिला हसू फुटलं.

"ही होय तुझी मोठी शांतता? अरे, तो तुझं संपायची वाट बघत होता. एक्कावन्न वर्षं माझ्यापुढेही असाच थांबायचा. कुणी बोलत असलं की त्याला वाजवताच यायचं नाही."

रेकॉर्डिंगच्या शेवटी इझिडोरचा बारीक आवाज आला, "झालं का रे तुझं?" आणि त्यावर लेऑन्सचा खणखणीत, "एवढंच सांगून संपवतो." मग खुर्च्या सरकल्या.

अर्नेस्टाइनने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. लेऑन्सला माफी मागायची होती, खूप काही बोलायचं होतं. पण इझिडोरने वाजवायला सुरुवात केली होती. लेऑन्स गप्प बसला.