दिगूआबा आणि पाटलांच्या मोटारीचा पट्टा

आमच्या सोनपेठातले दिगूआबा मिस्त्री कधी दुकानात आले तर रामराम नाही, की बसणं नाही. सरळ माझ्या शिलाई मशीनपाशी वाकायचे आणि तिच्या चामडी पट्ट्यावर अंगठा दाबायचे. "ढिला हाय, मास्तर. असल्यानं टाका कसा सरळ पडंल?" शिंपी मी, मशीन माझी, पण बोलायची सोय नाही!

मोटारीचा पट्टा बसवणं हे आबांचं दैवत. "मधोमध दाबायचा. अर्धा इंच दबला पायजे. कमी दबला तर तंग, बेअरिंग खाईल. जास्त दबला तर ढिला, पंखा फिरत न्हाई, इंजन उकळतंय." एवढं ज्ञान पोटात मावेना, म्हणून दिसेल त्याला अंगठा लावायचे. शेजारणीची लुगडी वाळत घालायची दोरी दाबली आणि शिव्या खाल्ल्या. लग्नाच्या वरातीत हलगी वाजता वाजता दाबली. एकदा तर गल्लीत आलेल्या फौजदारांच्या कंबरपट्ट्यालाच अंगठा! "साब, लय तंग हाय. बेअरिंग जाईल." अख्खी गल्ली पोट धरून हसली. साहेब चिडले खरे, पण कोपऱ्यावर जाऊन त्यांनी पट्टा एक भोक सैल केला. मी बघितलं ना!

आबांची बायको लवकर गेली. एकच लेक, सखू. ती पान्यांच्या डब्यापाशीच वाढली. राणीसावरगावच्या पाटलांच्या पोराला दिली तिला. पोलिस ॲक्शननंतर कुण्या जहागीरदारानं विकायला काढलेली मोटार त्या पाटलांनी घेतली होती. आबांनी लग्नाआधी त्या मोटारीला नवा पट्टा बसवून दिला.

आता आपल्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि काही काम नसताना सारखं लेकीच्या दारात जाणं बरंही दिसत नाही. लग्नानंतर आठ दिवस आबा नुसते बसून होते. कशालाच अंगठा लावला नाही, मला तर धास्तीच भरली. नवव्या दिवशी टोपी घालून दारात हजर! "मास्तर, नवा पट्टा चार दिवसांत ताणतोय. एकदा बघून यायला पायजे."

मग दर गुरुवारी तेच. आठ महिने झाले, पट्टा आपला नवाच!

एका गुरुवारी सखूच्या शिवलेल्या चोळ्या द्यायला मीही बरोबर गेलो. आबांनी पाटलांसमोर बॉनेट उघडलं, पट्टा दाबून दाखवला.

"पुन्ना ढिला? कसला पट्टा हाय ओ मिस्त्री?"

"नवा हाय जी. ताण धरायलाय."

सखू हात धुवायला पाणी घेऊन आली.

"आबा, जेवण येळेवर करता का?"

"करतो की. तू?"

"मी बी करते."

एवढंच बोलणं, पण दोघांची तोंडं अशी फुललेली! आबांनी पट्टा कसून बरोबर अर्ध्या इंचावर आणला. पाटील आत गेले, सखूही गेली. तसा आबांनी पाना उलटा फिरवला आणि पट्टा सैल करून टाकला.

"आबा! बरोबर होता की!"

"हळू बोल. बरोबर ठेवला तर पुढच्या गुरुवारी काय म्हणून येऊ?"

जन्मभर बरोबर ताणासाठी जगाशी भांडलेला माणूस हा!

आम्ही निघालो. गावाबाहेर आल्यावर मला छत्री आठवली, म्हणून एकटाच मागं फिरलो. बघतो तर काय! सखू पदर खोचून बॉनेटखाली, हातात पाना. तिच्या सासूबाई दारात उभ्या, पाटील येतात का ते बघत. सखूनं पट्टा कसला, मधोमध अंगठ्यानं दाबला, मान डोलावली. मग मला बघून जीभ चावली.

"काका, आबाला सांगू नका. बुधवारी सांजच्याला मी परत ढिला करून ठेवते."

छत्री घेतली आणि चालू पडलो.

शिवेबाहेरच्या विहिरीवर आबा ओंजळीनं घटाघटा पाणी पीत होते. सकाळपासून तहानलेला माणूस. तोंड पुसून त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, पट्टा मी ढिला केलता, सखूला कळलं नसंल ना रे?"

"छे हो आबा," मी म्हणालो, "तिला कुठनं कळणार?" आणि तोंड लपवायला मीही पाण्यावर वाकलो.