प्रास्ताविक, अभ्यास आणि आयत्या वेळचे विषय

रविवारी सकाळी पियानोबाईंनी नवऱ्यापुढे चहाचा कप आणि एक कागद ठेवला, आणि त्याने आधी कागद उचलला. चहा आधी प्यायला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं बाईंचं मत आहे. टळलं असतं तर वाईट झालं असतं, असं त्याचं.

कॉलनीत त्याला सगळे ‘प्रतिशब्द’ म्हणत. तो पाणीपुरवठा खात्याच्या भाषा विभागात होता, आणि परका शब्द एकदा त्याच्या टेबलावरून गेला की पुढे सख्ख्या नातेवाइकांनाही ओळखू येत नसे. पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकला त्याने ‘तरंगगोलनियंत्रित झडप’ असा शब्द दिला होता. तो परिपत्रकात छापून आला, आणि प्लंबर आजही बॉलकॉकच म्हणतात. प्रतिशब्दाला त्याचं काही वाटत नसे. शब्द देणं त्याचं काम होतं. वापरण्याचं खातं वेगळं.

“आणि हे बघा,” बाई म्हणाल्या, “त्या झडपेसारखं काही नकोय. साधं लिहा. पोस्टर वाचून माणूस हॉलमध्ये आला पाहिजे.”

माणूस हॉलमध्ये येणं या वेळी फार गरजेचं होतं. कॉलनीच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. बाई त्याच्यावर मुलांना शिकवत आणि स्वतः वाजवत. घरात पियानो मावत नसे. घरी त्या जेवणाच्या टेबलावरच बोटं चालवत, आणि नवऱ्याला वाटे की ही चिडली आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरं असे. आता कॉलनीच्या सेक्रेटरींना त्या जागी टेबल-टेनिस हवं होतं. टेबलाचं माप त्यांनी जमिनीवर खडूने आखूनही ठेवलं होतं, आणि त्या चौकोनात पियानो पकडलेल्या आरोपीसारखा उभा होता. बाईंनी फार सांगून पाहिलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “ठीक आहे. तुमचा वार्षिक कार्यक्रम होऊ द्या. हॉल अर्धा भरला तर पियानो राहील. नाहीतर जुनं फर्निचरवाला सोमवारी येतोय.” गेल्या वर्षी कार्यक्रमाला अकरा माणसं होती, आणि त्यातले दोघे पंखा दुरुस्त करायला आले होते.

कागदावर बाईंनी वाजवायच्या रचना लिहिल्या होत्या. सगळ्या एकाच संगीतकाराच्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस जन्मभर खोकला आणि जन्मभर पियानोसाठीच लिहीत राहिला. पण एका वाद्यातून त्याने इतके प्रकार काढले, की त्यांची नावं वाचतानाच दम लागावा.

“नॉक्टर्न म्हणजे?” प्रतिशब्दाने पेनचं टोपण काढलं.

“रात्रीचं असतं ते. सगळं जग झोपलेलं, आणि एकच माणूस जागा.”

प्रतिशब्दाने लिहिलं : रात्रपाळी.

“प्रेल्यूड?”

“मुख्य गोष्टीच्या आधी वाजवायचं. पण ह्याच्या प्रेल्यूडनंतर मुख्य गोष्ट येतच नाही.”

“म्हणजे प्रास्ताविकच की. किती आहेत?”

“चोवीस. मी चार वाजवणार. आणि एत्यूद म्हणजे अभ्यास. बोटांचा अभ्यास, पण नुसता अभ्यास नाही, त्यात—”

“पोस्टरवर ‘पण’ मावत नाही. पुढे. स्केर्झो?”

“त्याचा अर्थ विनोद. पण हसायचं नसतं.”

“मग विनोद कसला?”

“गंभीर.”

“आमच्या साहेबांचे असतात तसले.”

“साहेबांच्या विनोदाला तुम्ही हसता.”

“तो नोकरीचा भाग झाला. इम्प्रॉम्प्टू?”

“आयत्या वेळी सुचल्यासारखं,” बाई चपला शोधत म्हणाल्या. हॉलवर मुलं खोळंबली होती. “म्हणजे सगळं आधी ठरलेलंच असतं, फक्त ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत्ताच सुचलं.”

इथे प्रतिशब्दाला विचार करावा लागला नाही. आयुष्यभर त्याने मीटिंगांच्या विषयपत्रिका मराठीत आणल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी असा एक मजकूर असायचाच. त्याने तो जसाच्या तसा उतरवला.

अडला तो एकाच शब्दाशी : पियानो. ‘मृदुतीव्रपेटी’ सुचलं होतं, पण झडपेचा विषय सकाळीच निघालेला. परका शब्द छापणं तत्त्वात बसेना. बराच वेळ पेन चावून झाल्यावर त्याने तो शब्द गाळला.

मंगळवारी गेटपासून गच्चीच्या दारापर्यंत पोस्टरं लागली :

‘शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कॉलनीच्या हॉलमध्ये बाई सादर करतील — प्रास्ताविक (चार), अभ्यास (तीन), नाच (तीन, निरनिराळे), विनोद (एक, मोठा), रात्रपाळी, अंगाई आणि आयत्या वेळचे विषय. सर्वांनी यावे.’

बाईंनी ते लिफ्टपाशी उभं राहून दोनदा वाचलं. लिफ्ट आली, गेली, परत आली.

“अहो, पियानो कुठेय ह्यात?”

“अध्याहृत आहे.”

“काय आहे?”

“म्हणजे लिहिलेला नाही, पण धरायचा.”

“फाडा ती.”

“चिकटवलीत. आणि खळ फार चांगली निघाली गं.”

बाई आणखी काही बोलणार, तोच जिन्यावरून सेक्रेटरी उतरले. ते लिफ्ट वापरत नसत. जिन्यात माणसं भेटतात. “प्रतिशब्द, चार प्रास्ताविकं कोण करणारेय?”

“बाई.”

“चारही?”

“चारही.”

“ह्या कॉलनीत प्रास्ताविक मी करतो,” सेक्रेटरी म्हणाले. “चौदा वर्षं करतोय. टाकी धुतली तेव्हासुद्धा मीच केलं होतं.”

“अहो भाऊसाहेब, ते प्रास्ताविक वेगळं—” बाई सांगू लागल्या.

“वेगळंच असणार! नव्या लोकांना सगळं वेगळंच हवं असतं. तुमच्या चारांच्या आधी माझं होईल. होणारच.” आणि ते पुन्हा जिना चढू लागले, कारण प्रत्येक मजल्यावर हे सांगणं भाग होतं. शुक्रवारपर्यंत आपल्यावर काय वेळ आली आहे ते त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. इतकी जाहिरात पोस्टरांनीही झाली नव्हती.

शनिवारी पावणेसहाला बाई हॉलमध्ये आल्या आणि दारातच थबकल्या. हॉल अर्धा नव्हता भरला; तो पूर्ण भरून खिडक्यांतून बाहेर आला होता.

पहिल्या तीन रांगांत आया आणि त्यांची दहावी-बारावीची मुलं वह्या उघडून बसली होती. त्यांच्या मागे हास्यक्लब अख्खा आला होता, सारख्या टोप्या घालून. डाव्या बाजूला तान्ह्या मुलांच्या बाबागाड्या होत्या, उजवीकडे नाचायचे बूट घातलेली चार वयस्क जोडपी. वॉचमन गणवेशात, टॉर्चसकट भिंतीला टेकून उभा होता, कारण रात्रपाळी परस्पर दुसऱ्या कुणाला जातेय असं त्याच्या कानावर आलं होतं. आणि उरलेल्या सगळ्या जागा अडवून बसले होते गळतीवाले काका आणि त्यांच्या बाजूची तमाम माणसं. काकांच्या बाथरूमचं छत तीन वर्षं गळत होतं, आणि आयत्या वेळचा विषय म्हणून ते मांडायला ते तीन वर्षं भरलेल्या सभेची वाट बघत होते.

“आता काय करू?” बाई हळूच म्हणाल्या.

“तू म्हणालीस, माणूस आला पाहिजे,” प्रतिशब्द म्हणाला. “आलाय.”

सेक्रेटरी स्टेजवर खुर्ची टाकून बसलेच होते. त्यांनी प्रास्ताविक सुरू केलं. कॉलनीची जमीन घेतली तिथपासून ते निघाले. पंचवीस मिनिटांनी ते पहिल्या इमारतीच्या प्लॅस्टरपर्यंत पोचले, आणि बाबागाड्यांमधून तक्रारी येऊ लागल्या तेव्हा कुठे “एवढं बोलून मी माझे दोन शब्द” असं म्हणून, त्यावर आणखी दोनशे बोलून, ते बसले.

मग बाई पियानोपाशी गेल्या आणि त्यांनी पहिलं प्रेल्यूड वाजवलं. ते चाळीस सेकंदांत संपलं.

“झालं?” कुणीतरी विचारलं.

“झालं,” बाई म्हणाल्या. “हे प्रास्ताविक होतं.”

टाळ्यांचा असा कडकडाट त्या हॉलने कधी ऐकला नव्हता. “ह्याला म्हणतात प्रास्ताविक!” हास्यक्लबच्या अध्यक्षीणबाई ओरडल्या. “मुद्द्याचं बोलली!” उरलेली तीनही लोकांनी उभं राहून ऐकली. सेक्रेटरी छताकडे बघत होते.

पुढचं सगळं जमत गेलं, कसं ते बाईंनाही सांगता येत नाही. एत्यूद सुरू झाले आणि बाईंची बोटं दिसेनाशी झाली, तशी पहिल्या रांगेतली एक आई मुलाला कोपर मारून म्हणाली, “बघ. अभ्यास असा करतात. तुझं पान उलटायला अर्धा तास जातो.” वॉल्ट्झला, माझुर्काला आणि पोलोनेझला जोडपी नाचली, पोलोनेझ हा मुळात मिरवत चालायचा नाच असल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांचीही सोय झाली. स्केर्झोच्या पहिल्याच दणक्याला हास्यक्लब शिस्तीत हसला. दुसऱ्याला मोठ्याने हसला. तिसऱ्या दणक्याच्या आत त्या स्वरांत काय भरलंय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण टोप्या एकेक करून खाली आल्या. नंतर अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, “विनोद चांगला होता. झोंबला.”

नॉक्टर्न चालू असताना वॉचमन भिंतीपासून सरकत सरकत पियानोजवळ आला. संपल्यावर त्याने विचारलं, “एवढीच?”

“एवढीच,” बाई म्हणाल्या.

“मग घ्या तुम्ही,” तो म्हणाला. “माझी बारा तासांची असते.”

आणि मग अंगाई. डावा हात त्याच त्या सुरांवर झुलत राहिला, उजवा त्याच्यावर हळूहळू धागे विणत राहिला. एकही बाळ झोपलं नाही. सगळी डोळे विस्फारून ऐकत राहिली. झोपले ते सेक्रेटरी. चौदा वर्षांत स्टेजवर दुसऱ्याचं ऐकत बसायची सवय नव्हती. त्यांची मान खांद्यावर पडली आणि तोंड उघडं राहिलं.

“आता शेवटचं,” बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. “आयत्या वेळचं—”

“अध्यक्षांच्या परवानगीने!” गळतीवाले काका ताडकन उभे राहिले. “बाई, तुम्ही बसा, मी मांडतो. मंडळी, आजूबाजूला बघा. कोरम झालाय!”

सगळ्यांनी आजूबाजूला बघितलं. खरंच झाला होता. कॉलनीची प्रत्येक सभा आजवर कोरमअभावी तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, सेक्रेटरी आणि दोन खुर्च्या यांच्या उपस्थितीत, पार पडायची. फ्लॅटमालकांनी भरलेला हॉल कुणी पाहिलाच नव्हता.

“पण सेक्रेटरी झोपलेत,” कुणीतरी शंका काढली. “उठवूया का?”

प्रतिशब्द पुढे झाला. कॉलनीचे नियम मराठीत त्यानेच आणले होते. “नियमात ‘उपस्थित’ असा शब्द आहे,” तो म्हणाला. “‘जागा’ असा नाही. हे उपस्थित आहेत. आणि सभेची आगाऊ सूचना लागते, ती चार दिवस गेटवर लागलेली आहे. त्यात आयत्या वेळचे विषय आहेत.”

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शब्दांचा उपयोग होताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

ठराव पहिला : काकांचं छत दुरुस्त व्हावं. मंजूर. ठराव दुसरा : पियानो आहे तिथेच राहावा, टेबल-टेनिस पार्किंगच्या शेडमध्ये जावं. मंजूर. तिसरा ठराव हास्यक्लबने आणला : यापुढे कॉलनीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं प्रास्ताविक पियानोवर व्हावं, आणि ते चाळीस सेकंदांपेक्षा लांबू नये. तिन्ही ठराव एकमताने झाले. विरोध करणारा एकच होता, आणि तो उपस्थित होता.

मग बाईंनी इम्प्रॉम्प्टू वाजवलं. ऐकणाऱ्यांना वाटलं की ते आत्ताच सुचलं आहे. शेवटच्या टाळ्यांनी सेक्रेटरी जागे झाले आणि प्रथम त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग शेजारच्याला विचारलं, “कशाबद्दल?”

सोमवारी सकाळी बाईंनी हॉलचं दार उघडलं आणि ओला फडका घेऊन त्या पियानोभोवतीच्या खडूच्या रेघा पुसायला बसल्या. जुनं फर्निचरवाला आला, त्याला त्यांनी हात जोडून परत पाठवलं. त्याच्या मागोमाग सेक्रेटरी आत आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांनी पियानोचं झाकण उघडलं.

“बाई,” ते म्हणाले, “ह्या कॉलनीत प्रास्ताविक मी करतो.”

“ठराव झालाय, भाऊसाहेब.”

“म्हणून तर आलोय.” त्यांनी खुर्ची ओढली आणि बाह्या दुमडल्या. “बाकी नाच, विनोद, काही नको. मला फक्त प्रास्ताविक शिकवा. ते चाळीस सेकंदांचं.”

बाईंनी फडका पिळला, हात कोरडे केले आणि सेक्रेटरींची दहाही बोटं एकेक करून पट्ट्यांवर ठेवली.

“शिकवते की,” त्या म्हणाल्या. “पण आधी अभ्यास.”