बांधावरचा लाव्हा

हुमनाबादकडच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात स्टोअर-क्लार्क असलेल्या बंडेप्पानं एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि त्याला दगडांचं वेड लागलं. परदेशात म्हणे विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर द्राक्षं लावतात, आणि त्या वाइनला लाव्हाची चव असते. पुढं कळलं, की आपलं दख्खन म्हणजे थिजलेला लाव्हाच!

"शिवलीला, साडेसहा कोटी वर्षांखाली आपल्या घराखालून लाव्हा वाहायलता!"

"आता नळाला पाणी बी वाहीना," बायको म्हणाली.

बंडेप्पानं घरीच वाइन करायची ठरवली. अडचण एवढीच, की घर बसवण्णाला मानणारं. सासरे चनमल्लप्पा तर दारूच्या दुकानावरून जायचं नको म्हणून बसस्टँडला वळसा घालून जात. म्हणून त्यानं बायकोला सांगितलं, "द्राक्षाचं औषध हाय." हुमनाबादच्या बाजारातली द्राक्षं रुंद तोंडाच्या डब्यात चुरली आणि डबा देवघरात ठेवला. (घरात थंड जागा तेवढीच.)

पण लाव्हाची चव आणायची कुठून? वेल लावून वाट बघण्यापेक्षा दगडच डब्यात टाकला तर? वरणाला हिंग लावतो, तसंच की!

सासुरवाडीला, दुबलगुंडीला गेल्यावर सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा हा शेतात गेला. बांधावर अर्धा पुरलेला, नारळाएवढा, भोकाभोकांचा करडा दगड दिसला. भोकं म्हणजे लाव्हातले बुडबुडे! त्यानं तो उपटून टॉवेलात गुंडाळून घरी आणला. डब्यात टाकताच दगड फसफसायला लागला. बंडेप्पाच्या अंगावर काटा आला. साडेसहा कोटी वर्षांनी लाव्हा जागा झाला होता!

पंधरा दिवसांनी शिवलीला हातात फोन घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"गावाकडं भांडण पेटलंय. बांधावरचा हद्दीचा दगड गायब हाय. आमचे अप्पा म्हणायलेत शेजारच्या आप्पारावनं काढला, आप्पाराव म्हणायलेत अप्पानं. तीस वर्सं एका हिरीचं पाणी वाटून घेतलं, आता बोलणं बंद. उद्या पंच बसणार."

"कसला दगड?" बंडेप्पानं देवघराकडं बघत विचारलं.

"गोल. भोकाभोकाचा. कामून?"

"...औषधात हाय."

शिवलीलानं डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"ही दारू हाय."

"वाइन."

"बसवण्णाच्या फोटोखाली!"

बंडेप्पा म्हणाला, दगड धुऊन गुपचूप ठेवून येतो. ती म्हणाली, "न्हाई. डब्यासकट चला. माझ्या बापाला बी कळू द्या, जावाई कुठवर शिकलाय ते."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पंच बसले होते. चनमल्लप्पा आणि शेजारचे आप्पाराव एकमेकांकडं पाठ करून बसलेले. बंडेप्पानं सगळ्यांसमोर डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जांभळा दगड बाहेर काढला.

"जावाई, हे काय?" सासऱ्यांचा आवाज अगदी हळू होता. (ओरडले असते तर बरं झालं असतं.)

"मामा, आपलं दख्खन लाव्हाचं हाय ना... मीच नेलता. चुकलं माझं." उरलेलं वासानंच सांगितलं. बंडेप्पाला वाटलं, आता जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

आप्पारावांनी दगड हातात घेतला, नखानं खरवडला आणि गुडघ्यावर थाप मारून हसायला लागले.

"अवो चनमल्लप्पा, बघा! आपल्या पुलाचं काँक्रीट! जुना दगड ट्रॅक्टरनं फुटला तवा आपण दोघांनीच आणून ठिवलं, इसरलाव का? जावायानं शिमिटाची दारू काढली की वो!"

चनमल्लप्पांनी तोंड दाबायचा प्रयत्न केला, पण मिशी हलली. मग दोघंही डोळे पुसत हसले. बंडेप्पाला वाटलं, सुटलो.

"ते नाल्यात वता," चनमल्लप्पा डब्याकडं न बघता म्हणाले.

"थांबा," सासूबाई सिद्धव्वा पुढं आल्या. त्यांनी आंबूस वास घेतला, पदरानं नाक धरलं आणि पितळेचा एक काळपट तांब्या डब्यात बुडवून घासला. तांब्या नव्या नवरीसारखा चमकला. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीची भांडी त्यांच्या अंगणात जमली होती.

परवा सासुरवाडीहून फोन आला. बंडेप्पानं आशेनं विचारलं, "काय म्हणायलेत?"

"अव्वा म्हणायलीय, आणखी एक डबा करा," शिवलीला म्हणाली. "पण दगड नका टाकू म्हणून सांगितलंय. शिमिटाची रेती राहून घागरीला चरे पडायलेत."